'स्वतः'च्या रकान्यातल्या खुणा

आठवडा गुरुवारपर्यंत आला की प्रमोदिनीबाईंचे गुडघे बोलू लागत. इंदिरानगरहून व्हाइटफील्डची मेट्रो पकडताना वाटे, हे लचांड गळ्यात घ्यायला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. चौतीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स म्हणून राबल्या, निवृत्त झाल्या आणि महिन्याभरात घर खायला उठलं. म्हणून या शाळेत बिनपगारी मदतीला येऊ लागल्या. हात रिकामे राहिले की त्यांना आपणच आजारी आहोत असं वाटे.

वर्ग सिनियर केजीचा. चोवीस मुलं. त्यांत एकाला ऐकू येत नसे, एकाला गलका सोसत नसे, आणि एक कस्तुरी. सहा वर्षांची, डावा हात जन्मापासून आखडलेला, मूठ नीट उघडत नसे. तोंड मात्र दिवसभर चालू. ती बाईंना 'अक्का' म्हणायची, मग अख्खा वर्गच अक्का म्हणू लागला.

वर्गशिक्षिका वसुमती हिचा एक नियम होता. मूल कुठे अडलं की मनात वीस आकडे मोजायचे आणि मगच हात पुढे करायचा. "स्वल्प थांबा अक्का," ती सुरुवातीलाच आपल्या कन्नडमिश्रित बोलीत म्हणाली होती, "तुम्ही केलंत तर तुम्हाला येईल. तुम्हाला तर येतंच आहे."

बोलायला सोपं. डब्याची सुट्टी वीस मिनिटांची. कस्तुरीच्या डब्याला दोन बाजूंना दोन खटके. उजव्या हाताने खटका उचलायचा तर डाव्या कोपराने डबा दाबून धरावा लागे, आणि डबा घसरे. वीस आकडे किती लांब असतात ते भुकेल्या पोरासमोर बसून मोजल्याशिवाय कळत नाही. सात-आठवर येईतो बाईंचा जीव कासावीस होई. शिवाय पलीकडे कुणी उपमा सांडलेला, कुणी पाण्याची बाटली उपडी केलेली. मग त्या खटके सैल करून देत. नुसते सैल. झाकण कस्तुरीच काढायची, खायचीही आपल्या हाताने.

दुपारी प्रत्येक मुलाचा तक्ता भरायचा असे. तीन रकाने: स्वतः, थोडी मदत, पूर्ण मदत. वॉर्डात ड्युटी संपताना सगळे तक्ते एका बैठकीत उरकायची बाईंची जन्माची सवय. पाय सुजलेले, डोळे जड. कस्तुरीने डबा खाल्ला ना? मग 'स्वतः'. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्या रकान्यात खुणांची रांग लागली. सैल केलेल्या खटक्यांचं कोण विचारतं?

मार्चमध्ये विचारलं गेलं. शाळेच्या मुख्याध्यापिका सुप्रीता मॅडम यांचं म्हणणं असं, की पहिलीच्या वर्गात मदतनीस नसते. चपला, दप्तर, बाथरूम, डबा, सगळं मुलाचं मुलाने करायचं. जमलं तर जूनमध्ये पहिली, नाहीतर पुन्हा सिनियर केजी. पोरीला अक्षरं येतात, शंभरपर्यंत अंक येतात, आणि तिची पहिली अडणार डब्याच्या झाकणावर! पण ज्याच्या हातात दार, त्याचाच कायदा. मॅडम पाहायला आल्या त्या नेमक्या सुट्टीच्या वेळी.

चपला झाल्या, दप्तर झालं. कस्तुरीने डबा समोर घेतला. बाई दोन हात लांब, हात मांडीत घट्ट धरून बसल्या. कस्तुरीने डब्याकडे पाहिलं, मग डबा अलगद बाईंच्या दिशेने सरकवला. दहा आकडे झाले, वीस झाले, चाळीस झाले. पोर रडली नाही, खटपटही केली नाही. ती अडलेली नव्हतीच. ती बाईंची वाट पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर इतका भरवसा होता की बाईंना तिच्याकडे बघवेना.

"अक्का, आज उशीर का?" तिने विचारलं.

घंटा झाली. वसुमतीने डबा उघडून कस्तुरीला खायला बसवलं आणि तक्त्यांची फाइल घेऊन मॅडमना कोपऱ्यात गाठलं. दोघी कन्नडमध्ये बोलत होत्या, बाईंना प्रत्येक शब्द कळत होता. वसुमती सांगत होती, आज अनोळखी माणूस पाहून मूल बुजलं. हा बघा पाच महिन्यांचा तक्ता, रोज स्वतः उघडते. मॅडमनी पानं उलटली. "इतकं नियमित असेल तर हरकत नाही," त्या म्हणाल्या, "प्रमोदिनी मॅडम, हे तुम्हीच भरलंत ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पोर पहिलीत गेली असती. मग जूनमध्ये तिथे कुणाकडे डबा सरकवून ती किती वेळ बसली असती, हे बाईंना दिसलं. आणि खरं सांगायचं तर, हे निभावून न्यायचं बळही त्यांच्यात उरलं नव्हतं.

"भरलं मीच," त्या म्हणाल्या. "खटके मी सैल करून देत होते. रोज."

वसुमतीने फाइल मिटली. त्यापेक्षा तिने चारचौघांत झाडलं असतं तर परवडलं असतं. पुन्हा सिनियर केजी, हे तिथेच ठरलं.

कस्तुरीची आई स्वानंदी साडेतीनला आली. मूळची नागपूरची, जवळच्याच आयटी पार्कमध्ये नोकरीला. गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. आईला आपणच सांगायचं, असं वसुमतीला बजावून बाई फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी काहीही लपवलं नाही. खटके, खुणा, आजचा डबा, पहिली. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या आणि बोलणी खायला तयार राहिल्या.

स्वानंदी बराच वेळ पोरीच्या दप्तराचा पट्टा नीट करत राहिली.

"घरी मीच उघडून देते न अक्का," ती शेवटी म्हणाली. "नाश्त्याचा डबा, खाऊचा डबा, सगळं. सकाळी साडेसातची कॅब असते माझी, थांबायला टाइमच नसतो. दर शुक्रवारी तो चार्ट यायचा फोनवर, तर वाटायचं, शाळेत उघडतेच आहे, मग घरी कशाला छळायचं पोरीला?"

म्हणजे पाच महिन्यांत त्या पोरीने एकदाही, कुठेही, तो खटका उचललाच नव्हता. स्वानंदीच्या आवाजात राग शोधून सापडेना. ती रागावली असती तर प्रमोदिनीबाईंना माफी मागून घरी जाता आलं असतं.