माझ्या पोटातला उताणा हत्ती

मित्रांनो, माझ्या कडा आता इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की नवखा माणूस हात फिरवून विचारतो, हे लाकूडच ना? कोणी मला तेलपाणी केलेले नाही. तुमच्यासारख्या मुलांच्या तळहातांनीच मला घासून चकचकीत केले. मी बालवाडीतले एक जुने चित्रकोडे आहे. माझ्या फळीत निरनिराळ्या आकारांचे खळगे आहेत. ज्याचा तुकडा त्याच्या खळग्यात बसवला, की गाय, बदक, मासा, ससा आणि हत्ती आपापल्या जागी दिसू लागतात.

एका मोडक्या दारातून माझा जन्म झाला. बालवाडीच्या मोठ्या बाईंचे दीर सुतारकाम करत. त्यांनी खळगे कोरले, तुकडे कापले, चिमटीत धरायला प्रत्येकाला छोटी खुंटी लावली आणि रंगवायला बाईंकडे दिले. बाई ओट्याशी उभ्या राहून, एक डोळा तापत्या दुधावर ठेवून रंगवत होत्या. हत्तीचा तुकडा खाली रुंद, वर निमुळता होता. बाईंनी नेमका तोच उलटा धरला आणि झोकात हत्ती काढला. रंग वाळल्यावर तो खळग्यात बसवला, तर चारही पाय आभाळाकडे!

"भाऊजी, तुम्ही खळगा उलटा कोरलात," बाई म्हणाल्या.

"वहिनी, खळगा कधी उलटा असतो का? दुधाबरोबर तुमचा हत्तीही उतू गेला!"

"मग आता?"

"आता काय! दमला असेल बिचारा. लोळू दे."

तो तसाच लोळत राहिला. प्रत्येक मूल आधी त्याला सरळ उभा करायला बघायचे. ढकलायचे, बुक्की मारायचे. एक पठ्ठ्या तर त्याच्यावर चक्क बसला होता! "चुकलं" हा शब्द बाईंच्या तोंडी नव्हता. त्या फक्त म्हणायच्या, "फिरवून बघ." तुकडा फिरायचा, टक्‌कन बसायचा, आणि मूल खुदकन हसायचे. ते माझ्या भरभराटीचे दिवस होते.

पुढे बटण दाबले की गाणारी खेळणी आली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. खडूची धूळ खात मी पडून राहिले. खोटे कशाला बोलू, वाईट वाटले. पण खालून मुलांचा कलकलाट ऐकू यायचा, त्यावर माझे दिवस बरे जात.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी नवी ताई आली. मायाळू आणि फार टापटिपीची. तिने मला खाली काढले, ओल्या फडक्याने पुसले, आणि हत्तीपाशी तिचा हात थबकला.

"अगं बाई! मुलं उलटंच शिकतील की!"

तिने मला घडवणाऱ्या सुतारकाकांना निरोप धाडला. हत्ती घासून पुन्हा सुलटा रंगवायचा ठरला.

तेव्हा वर्गात एक नवीन मुलगी होती. सगळे तिला मुंगी म्हणत. ती भिंतीला टेकून बसायची. ना कशाला हात लावायची, ना बोलायची. तिची आई दारात ताईला म्हणाली, "घरी हिची टकळी थांबत नाही हो. आणि इथलं विचारलं की म्हणते, माझं चुकलं तर?"

मी सुतारकाकांची वाट बघत बुटक्या टेबलावर पडले होते. कोणी बघत नाही असे पाहून मुंगी हळूच आली. मासा बसला, ससा बसला. हत्ती मात्र बसेना. तिने हात मागे घेतला, डोळे डबडबले. तेवढ्यात मागून एक गुटगुटीत गडी म्हणाला, "अगं, उताणा पाड त्याला! माझा दादा इथंच शिकला. तो सांगतो, हत्ती तसाच झोपतो."

तिने फिरवला. टक्! मुंगी इतकी हसली की तिला उचकी लागली. घरी जायची वेळ होईपर्यंत ती त्याला काढत होती आणि बसवत होती.

दुसऱ्या दिवशी सुतारकाका आले. आता चांगलेच म्हातारे झालेले.

"आणा तो हत्ती. वहिनींची चूक सुधारायची केव्हापासून वाट बघतोय मी."

पण खळगा रिकामा! ताईने चटया उचलल्या, डबे उपडे केले. मुंगी फ्रॉकच्या खिशात मूठ घालून उभी होती. ताई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"मुंगे, दे बघू तो."

"नाही!" वर्गात मुंगीचा आवाज पहिल्यांदाच घुमला. "त्याला रंगवू नका. त्याला असंच बसता येतं!"

ताईने पुढे केलेला हात मागे घेतला. सुतारकाकांनी हातातला पॉलिशपेपर घडी करून पिशवीत टाकला.

"चला, वहिनी जिंकल्या. चहा तरी पाजा आता."

तेव्हापासून मी खालच्या फळीवर असते, लहान हातांना पोचेल अशा जागी. मुंगी आता इतकी बडबडते की ताईच कानांवर हात ठेवते.

मित्रांनो, खेळून झाले की आमचे तुकडे शोधून जागच्या जागी ठेवा, आम्हाला ओलीत टाकू नका. आणि मोठ्या माणसांनी एखादे जुने खेळणे नीट करायला किंवा टाकून द्यायला काढले, तर त्यांना म्हणा, जरा थांबा. घरातल्या सगळ्यांत धाकट्याला आधी विचारा.