शून्य सोडून सगळं हो

जसोंडी गावच्या दूध संकलन केंद्रात पाऊल टाकताच मृणालने नाक दाबलं. कॅनमधल्या दुधाला आंबूस वास येत होता, त्यात कपडे धुण्याच्या पावडरचा उग्रपणा मिसळलेला. वर न विरणारा फेस. संगणकाच्या पडद्यावर मात्र हिरवा ठिपका होता: दूध शुद्ध.

ती डेअरीची प्रोग्रामर. पडदा अडखळतो म्हणून पाहायला आली होती. तपासणी यंत्राचं झाकण उघडं दिसलं. आत एक माशी मरून चिकटली होती.

झाकण का लावत नाही, असं विचारल्यावर केंद्र सांभाळणारा प्रशांत ओशाळलासुद्धा नाही.

"लावलं तर कधी कधी लाल येतो, ताई. उघडं ठेवलं की हिरवाच. सबको पता है."

शहरात, बुधवाऱ्यातल्या ऑफिसात परतून तिने प्रोग्राम उघडला. यंत्र तीन आकडे पाठवायचं: दूध खराब असेल तर शून्य, चांगलं असेल तर एक, आणि झाकण उघडं राहून काही वाचताच आलं नाही तर उणे एक. प्रोग्राम जुन्या वळणाच्या सी भाषेत होता. फक्त हो किंवा नाही साठवणारा वेगळा प्रकार त्यात नव्हता, साधा आकडाच वापरलेला. शून्य म्हणजे नाही, बाकी काहीही असलं, अगदी उणे एक असला, तरी हो. न तपासलेलं दूध असं शुद्ध ठरून पिशव्यांतून शहरभर जात होतं. सिंधीपुऱ्यात तिच्या घरीही तेच यायचं. लेक रोज पेलाभर प्यायची.

प्रोग्राम मालक भूपेंद्रभाऊंनी स्वतः लिहिला होता. हो-नाहीचा वेगळा प्रकार हवा, असं मृणालने नोकरीला लागल्या लागल्या सांगितलं, तेव्हा मॅडमला दोन आकडे ठेवायला नवीन डबा पाहिजे, म्हणून त्यांनी चेष्टा केली होती. आज त्यांनी सगळं सुपारी चघळत ऐकून घेतलं. त्यांना जराही नवल वाटलं नाही, याचीच तिला किळस आली.

"तुझंच खरं," ते म्हणाले. "लाव तुझा तो प्रकार. आजच लाव. तपासणीवाले येणार आहेत, त्यांना नोंदीत उणे एक दिसायला नको."

तिला क्षणभर बरं वाटलं आणि मग लक्षात आलं. या भाषेत हो-नाहीच्या डब्यात उणे एक टाकला तर भाषा अडवत नाही. गुपचूप त्याचा एक करून ठेवते. ज्या प्रकारासाठी ती भांडली, तोच आता 'माहीत नाही' पुसून त्या जागी 'हो' लिहिणार होता.

"भाऊ, तुमच्या घरी कुठलं दूध असतं?"

"आपली घरची म्हैस आहे ना."

तिने प्रकार लावला. पण त्याच्या आधी एक ओळ घातली: आकडा एक असेल तरच हो, नाहीतर नाही.

संध्याकाळी भूपेंद्रभाऊ फोन कानाला लावूनच तिच्या टेबलाशी आले. जसोंडीत सगळं लाल दिसतंय, गाडी अडकलीय, काय करून ठेवलंस, असं त्यांनी विचारलं.

"झाकण लावायला सांगा," मृणाल म्हणाली.

त्यांनी सांगितलं. थोड्या वेळाने फोनमधून प्रशांतचा बारीक आवाज आला. "लावलं, साहेब. तरी लालच आहे."

भूपेंद्रभाऊंनी फोन तिच्यापुढे धरला, जणू दूध तिनेच नासवलं होतं.

"मग ओतून द्या," ती म्हणाली, आणि हात धुवायला उठली.