पुन्हा, पहिल्यापासून

घसा बसला तो लॉन्ड्रीत. तिथे मशीनच्या घरघरीत बोलायचं म्हणजे बोंबलायचंच, त्यात सर्दी. संध्याकाळपर्यंत तोंडातून नुसती हवा यायला लागली. नवरा म्हणाला, "चला, आज घराला सुट्टी!" मी डोळे वटारले. तेवढंच करता येण्यासारखं होतं.

बबडीला खुणेनंच खोलीकडे पिटाळलं. ही आमची लेक, अकरा वर्षांची, व्हायोलिन शिकते. नवरा म्हणतो, क्लास तिचा नाही, तुझाच आहे. म्हणू दे. त्या क्लासपायी मी पहाटेची पाळी मागून घेतली, वाफेत हात भाजून घेते, क्लासात तासभर भिंतीला टेकून बसते. बाई सांगतात ते मला पाठ, हिला नाही! मला लहानपणी कुणी साधी शिट्टी घेऊन दिली नव्हती. हिचं तसं होऊ देणार नाही म्हणजे नाही. येत्या रविवारी हिचा चारचौघांत पहिला कार्यक्रम, आणि ही अजून त्याच एका जागी अडखळते.

दार बंद झालं, व्हायोलिन सुरू झालं. मी भाजी चिरत होते, पण कान तिकडेच. आली ती जागा. अडखळली मेली! मी तोंड उघडलं, पण आवाज कुठला निघायला.

आणि खोलीतून माझाच आवाज आला. "पुन्हा! पहिल्यापासून!"

"अगं, सुटला की घसा!" नवरा हसला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मग खोलीच्या दाराकडे.

मी हळूच दार ढकललं. व्हायोलिन पेटीतच होतं. टेबलावर मोबाइल, त्यात कधीचा तरी रेकॉर्ड केलेला रियाज. कार्टीनं मला चक्क बनवलं होतं! रोजच्या माझ्या आरडाओरड्यात हे मोबाइलमधलं ओरडणंही खपून जात असणार. संतापानं माझी कानशिलं तापली.

बबडी पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. डोळे मिटलेले, दोन्ही कानांत बोटं.

"कान आहेत की भोकं?" मोबाइलमधली मी ओरडत होते. "एवढं करते मी तुझ्यासाठी!" बाई गं, असं बोलते मी? मग नाक ओढल्याचा आवाज, अगदी जवळून. आणि व्हायोलिन पुन्हा पहिल्यापासून. ते नाक ओढणं दाराबाहेर मला कधी ऐकूच आलं नव्हतं. खड्ड्यात गेला रविवार, खड्ड्यात गेला तो कार्यक्रम.

जवळ घ्यावं म्हणून पुढे झाले, तशी तिनं डोळे उघडले. मला बघून पांढरीफटक पडली. टुणकन खाली उतरली, पेटीतून व्हायोलिन ओढून हनुवटीखाली धरलं.

"नको गं बाळा, राहू दे," मी म्हटलं. नुसते ओठ हलले.

"हो आई, करते, करते," ती म्हणाली, आणि तिनं पहिल्यापासून सुरू केलं.