पाटीचा नियम

मावशीचा संगणक अकरा वर्षांचा होता, आणि यंत्राच्या आयुष्यात ते म्हणजे पिकलं पान. सुरू व्हायला चहा उकळून गाळून होईल एवढा वेळ घ्यायचा. तरी मावशी त्याला कुणाला हात लावू देत नसे. पण छापखान्याने कळवलं, की पुढच्या महिन्यापासून मुद्रितं नव्या साइटवरूनच मिळतील, आणि जुन्या सिस्टिमवर ती साइट उघडणार नाही. मुद्रितं तपासण्यावरच मावशीचं पोट होतं. शेवटी तिने भाच्याला बोलावलं.

भाचा संगणक दुरुस्त करायचा. केस पिकले तरी त्याची जीभ काही थकली नव्हती.

“तीन वाटा आहेत, मावशी. आहे तसं ठेवलं तर काम बंद. सगळ्यात नवी सिस्टिम टाकली तर हा म्हातारा पहिल्याच पायरीवर धापा टाकेल. तिसरी ही हलकी, जुन्या हाडांना झेपणारी. माझं ऐकशील तर हीच घे.”

“माझी पाटी राहील ना?”

“एकूण एक फाइल राहील.”

पाटी म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. मावशीचे यजमान, म्हणजे काका, नकाशे आखायचे, मावशी मुद्रितं तपासायची. टेबल एक, संगणक एक, आणि दोघांच्या वेळा उलट्या. जो उठेल त्याने दुसऱ्यासाठी पाटीवर ओळ लिहायची. दूध तापवलंय. तुझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. नियम एकच होता: वाईट बातमी पाटीवर लिहायची नाही, समोर बसून सांगायची. त्यासाठी टेबलाच्या पलीकडे एक खुर्ची असे. काकांना जाऊन आता तीन वर्षं झाली होती, आणि त्या खुर्चीवर मुद्रितांचे गठ्ठे साचले होते.

काका गेले त्याच महिन्यात संगणकातला बटणाएवढा सेल संपला. तेव्हापासून यंत्र सुरू केलं की तारीख दिसे ती ते विकत घेतलं त्या वर्षाची, एक जानेवारी. दुसऱ्याच दिवशी पाटीवर नवी ओळ आली. ‘पडदे बदललेस. निळा बरा दिसतो.’

निळे पडदे मावशीने आदल्या दुपारी लावले होते. ती घाबरली, खोटं कशाला बोला. दोन दिवस शेजारणीकडे जाऊन राहिली. तिसऱ्या दिवशी परत आली आणि खाली लिहिलं, ‘धुतल्यावर रंग टिकला तर खरं.’ तिथून ओळीला ओळ चालू राहिली. यंत्राच्या लेखी काका जिवंत होते, काकांच्याही लेखी असावेत. वाईट बातमी पाटीवर लिहायची नाही, हा नियम मावशीच्या चांगलाच पथ्यावर पडला होता.

भाच्याने खोका उघडला. “अगं, सेल मेलाय. नवा टाकतो. तशीही ही सिस्टिम खरी तारीख इंटरनेटवरून घेते.”

“ते बंद ठेवता येईल?”

“येईल की. पण तारीख चुकली तर साइट दारातच अडवणार. म्हणजे पहिले पाढे पंचावन्न.”

इकडे आड, तिकडे विहीर. मावशीने भाच्याला चहा करायला स्वयंपाकघरात पिटाळलं आणि पाटी उघडली. काकांना परक्याकडून कळण्याआधी आपणच सांगावं, असं तिला फार वाटलं. बोटं कीबोर्डवर ठेवली, पण नियम मोडवेना. ‘उद्यापासून संगणक जोरात चालेल,’ एवढंच तिने लिहिलं.

“टाक सेल,” भाचा कप घेऊन आला तेव्हा ती म्हणाली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

सकाळी चहाला आधण यायच्या आत संगणक सुरू झाला होता. कोपऱ्यात खरी तारीख, खरं साल. मावशीने पाटी उघडली. तिच्या ओळीखाली तीन ओळी होत्या.

‘आजची तारीख बघितली.’

‘म्हणून तीन वर्षं तू मला खुर्चीत बसवलं नाहीस.’

‘पाटीवर लिहू नकोस. मी समोर बसलोय.’

मावशीने लगेच मान वर केली नाही. आधी तिला जमिनीवर ठेवलेले गठ्ठे दिसले. कडेला कड जुळवलेली, काका नकाशे रचायचे तशी. मग संगणकाच्या पडद्यापलीकडे खुर्ची करकरली, माणूस सावरून बसतो तेव्हा करकरते तेवढीच. पळावंसं वाटलं आणि पळायचंही नव्हतं.

तिने पाटी बंद केली, चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय तिला पलीकडचं तसंही नीट दिसत नसे.

“अहो,” ती म्हणाली, “त्या दिवशी डॉक्टर बाहेर आले, तेव्हा मी तुमची चप्पल हातात धरून बसले होते.”

आणि तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.