उणे चाळीस अंश

मी एक जुना ट्रक आहे, मित्रांनो, आणि माझ्या माणसाशी मी एकदा खोटं बोललो. मुद्दाम बोललो नाही, पण त्याचा उजवा हात माझ्यामुळेच भाजला.

माझा माणूस म्हणजे माढ्याचा महिपती. बारा वर्षांपूर्वी त्याने मला नवाकोरा घरी आणला, तेव्हा त्याच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, माझ्या पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. ती चिरडून मी पहिल्यांदा कामाला निघालो. माढ्याची ज्वारी सोलापूरच्या बाजारात पोचवायची, परत येताना पेंड, सिमेंट, कधी चादरींचे गठ्ठे आणायचे, असं माझं आयुष्य चाललं. माझ्या इंजिनाचं सगळे कौतुक करत. उभ्या उभ्या चालू असलो तरी माझा आवाज इतका एकसारखा असायचा, की महिपतीला त्यावर डुलकी लागायची.

मागच्या हिवाळ्यात मी एका गोदामाशेजारी तीन आठवडे उभा होतो. तिथल्या उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या. एका मिस्त्रीने भंगारातून कुठल्याशा ट्रकच्या वायरी आणून मला जोडल्या आणि वरून काळी टेप गुंडाळली. "चालतंय की," तो म्हणाला. चालतही होतं. पण त्या दिवसापासून माझ्या अंगात माझं नसलेलं काहीतरी आलं होतं.

ते मला पहिल्यांदा सीना नदीच्या पुलाजवळ कळलं. पुलाच्या आधी एक उतार आहे. भर दुपारी बाराच्या सुमारास पुढे उसाची ट्रॉली अडकली, म्हणून आम्ही त्या उतारावरच थांबलो. ऊन रणरणत होतं. खाली नदीत डबक्यांपुरतंच पाणी होतं. आणि मला थंडी भरली. ती चाकांकडून वर चढत आली, जसं गढूळ पाणी चढतं तशी, आणि थेट रेडिएटरपर्यंत पोचली. तापमानाचा काटा तळाला जाऊन पडला. माझं इंजिन अडखळू लागलं. दोन ठोके, मग खंड. दोन ठोके, मग खंड. आत अडकलेल्या कोणीतरी दार वाजवावं तसा तो आवाज होता.

"आरं, काय झालं तुला?" महिपतीने विचारलं.

पूल ओलांडून सपाट रस्त्याला लागलो, तसा काटा वर आला आणि अंगातली थंडी उतरली.

पुढे असं चार-पाच वेळा झालं. दर वेळी त्याच उतारावर. महिपती भिणारा माणूस नव्हता. तरी एप्रिलच्या उन्हातसुद्धा तिथे आलं की तो खिडकीची काच वर करू लागला. का, ते त्याने कोणाला सांगितलं नाही.

मे महिना लागताच माझा पाण्याचा पाइप चिरला. पाणी थेंबथेंब गळत होतं आणि इंजिन आतून तापत होतं. पुलाच्या उतारावर आलो तेव्हा माझ्या पुढच्या जाळीतून वाफ येताना महिपतीला दिसली. त्याने मला बाजूला घेतलं आणि काट्याकडे पाहिलं. काटा तळाला होता.

"काटा तर पार गार दाखवतोय," तो स्वतःशीच म्हणाला.

त्याने बारा वर्षं माझ्यावर विश्वास ठेवला होता. त्या दिवशीही ठेवला. त्याने उघड्या हाताने रेडिएटरचं झाकण फिरवलं, आणि आतलं उकळतं पाणी उसळून बाहेर आलं. त्याने तोंड वेळेवर वळवलं म्हणून डोळे वाचले. हात मात्र कोपरापर्यंत भाजला. तो रस्त्याच्या कडेला बसून माझ्याकडे बघत राहिला. मोटारसायकलवरून चाललेल्या दोघांनी त्याला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. मी तिथेच वाफ सोडत उभा राहिलो. इंजिन बंद होतं, तरी मला ती थंडी वाजतच होती.

तीन आठवड्यांनी महिपती घरी आला. वच्छलाबाई म्हणाल्या, "त्यो ट्रक भंगारात घाला. त्येच्यात कायतरी हाय."

महिपतीचा हात पांढऱ्या पट्ट्यांत होता. "बारा वर्सात त्यानं मला एकदाच फसवलं," तो म्हणाला. "का फसवलं, येवढं तरी कळू दे."

अशा रीतीने मला ओढून अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये आणलं गेलं. गॅरेज म्हाताऱ्या सिद्रामप्पांचं होतं. त्यांची मुलगी वैजयंती आयटीआय शिकून त्यांच्याबरोबर काम करायची. सिद्रामप्पांनी आधी माझा फुटका पाइप बदलला. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक माझ्या इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं.

"हृदय चांगलं हाय की ह्येचं," ते म्हणाले.

दोन दिवस त्यांना काहीच सापडलं नाही. मी शहाण्यासारखा चालत होतो. तिसऱ्या दिवशी वैजयंतीने महिपतीला फोन करून बोलावून घेतलं.

"काका, हे नेमकं कुठं होतं?" तिने विचारलं.

"सीनेच्या उतारावर. दुसरीकडं कुटंच न्हाय."

मग तिने माझी मागची चाकं लाकडी ओंडक्यांवर चढवली, म्हणजे माझं तोंड उतारावर असल्यासारखं खाली झुकलं. तिने इंजिनाचे आकडे दाखवणारा स्कॅनर जोडला आणि चावी फिरवली. थोड्याच वेळात तीच थंडी, गाळाच्या ओलीसारखी, चाकांकडून वर चढू लागली. दोन ठोके, खंड. दोन ठोके, खंड.

"अप्पा, इकडं या," वैजयंती म्हणाली. स्कॅनरवर तापमानाचा आकडा होता, उणे चाळीस. "ह्याला वाटतंय आपण बर्फात उभे आहोत. गारठलोय असं समजून हा जास्त डिझेल ओततोय. म्हणून अडखळतोय."

तिने तापमानाचा सेन्सर नवा बसवला. आकडा उणे चाळीसच. रेडिएटरच्या पाइपावर लांबूनच तापमापक रोखला. त्यात नव्वद.

"सेन्सर खरा आहे, पाणीही खरं आहे," ती म्हणाली. "खोटं बोलतेय ती मधली वायर."

ती एकेक वायर बोटांनी चाचपत आली. काळ्या टेपशी तिचा हात पोचला, तसा आकडा उडाला. नव्वद, उणे चाळीस, नव्वद. तिने इंजिन बंद करून टेप कापली. आतला तांब्याचा जोड हिरवा पडून कुजला होता. वायरीचं वेष्टण तिने चिरलं, तेव्हा त्यातून करडा गाळ तिच्या तळहातावर पडला. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं आणि गाळ ओला होता.

सिद्रामप्पांनी ती वायर हातात घेतली. तिच्या टोकाशी सुतळीची एक गाठ होती. ती बघून ते खाली बसले.

"ही गाठ माझ्या हातची हाय," ते म्हणाले. "बिभीषणच्या ट्रकला मी बांधलेली."

बिभीषणला त्या रस्त्यावरचे सगळेच ड्रायव्हर ओळखायचे. मागच्या पावसाळ्यात सीनेला पूर आला, तेव्हा त्याचा ट्रक पुलावरून वाहून गेला होता. चार दिवसांनी ट्रक सापडला. बिभीषण सापडला नाही.

"उतारावर इंजिन पुढं झुकतं," वैजयंती हळूच म्हणाली. "वायर ताणली जाते, कुजलेला जोड सुटतो. बाकी काही नाही."

"व्हय. बाकी काय न्हाय," सिद्रामप्पा म्हणाले. पण ती वायर त्यांनी भंगारात टाकली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून महिपतीच्या डाव्या हातात दिली.

मला नवी वायर बसली आणि ती थंडी गेली. हात बरा झाल्यावर महिपतीने पहिली फेरी बाजाराची केली नाही. तो मला नदीकाठच्या एका गावात घेऊन गेला. तिथे बिभीषणची बायको केराबाई राहत होती. तिने अजून कुंकू पुसलं नव्हतं.

महिपतीने तिला सगळं सांगितलं आणि पुडी पुढे केली. तिने ती उघडली, सुतळीच्या गाठीवरून बोट फिरवलं आणि वायर ओच्यात घेतली. मग ती उठून माझ्या दाराशी आली. तिने आत, काट्यांकडे पाहिलं.

"पानी लई गार व्हतं का?" तिने विचारलं. महिपतीला नाही, मला.

चावी काढलेली होती. काटा तळाला पडून होता आणि तो तिला दिसत होता. गार नव्हतं, बाई, असं सांगायला तो काटा मला एकदाच वर न्यायचा होता. पण आता माझ्यात खोटं बोलणारं काही उरलं नव्हतं.

मग ती घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

मित्रांनो, मी अजून माढ्याची ज्वारी वाहतो. महिपती आता काटा पाहतो, मग इंजिन निवेपर्यंत थांबतो, आणि जाड फडकं घेतल्याशिवाय झाकणाला हात लावत नाही. तुम्हीही तसंच करा. आम्ही अडखळलो तर टेप गुंडाळून पुढे जाऊ नका, कुठे आणि केव्हा अडखळतो ते नीट विचारा. आणि आमच्या अंगात दुसऱ्याचा तुकडा जोडाल, तेव्हा तो कोणाचा होता, हे आधी विचारा.