चार वाजताची आंघोळ

ओरेस्टने टर्की भाजताना वापरायचा थर्मामीटर नव्या शॉवरखाली धरला. काटा एकतीसवर चढला आणि तिथेच मांडी ठोकून बसला.

"किती?" बाहेरून लेसियाने विचारलं.

"चांगलं आहे."

"आकडा सांग."

"चांगला आकडा आहे."

लेसिया आत आली, आकडा बघितला आणि काहीच बोलली नाही. चौतीस वर्षांच्या संसारात ओरेस्टला बायकोच्या बोलण्याची कधी भीती वाटली नव्हती. भीती वाटायची ती तिच्या गप्प बसण्याची.

अडीच वाजले होते. चारला लेसियाचा भाऊ मायरन त्यांच्या आईला घेऊन येणार होता. सासूबाई शहाऐंशीच्या, खुब्याच्या ऑपरेशनमधून नुकत्याच उठलेल्या. मायरनचं म्हणणं, आईला वृद्धाश्रमात ठेवू. लेसियाचं म्हणणं, मी मेल्यावर ठेव. शेवटी म्हातारीनेच निकाल दिला होता. "लेसियाकडे एक आंघोळ करून बघते. पाणी मनासारखं असलं तर तिथे राहीन. नाहीतर वृद्धाश्रमाच्या फॉर्मवर सही." फॉर्म तिच्या पर्समध्येच होता, पेनासकट.

म्हणून जुना टब उखडून हा बिनउंबऱ्याचा शॉवर बसवलेला. मायरन धंद्याने प्लंबर. "दाजी, मी येऊन लावून देतो," असं तो म्हणाला होता. त्यावर ओरेस्ट म्हणाला, "विनिपेगच्या बर्फात एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी. मला एक दांडा फिरवायचा शॉवर जमणार नाही?" बसचा आणि शॉवरचा संबंध काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

शनिवारी सकाळी शॉवर बसला. दुपारी पाणी असं गरम आलं, की ओरेस्टने स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली. आणि रविवारपासून कोमट. आज गुरुवार. गरम-गार पाणी एकत्र करणारा शॉवरचा मिक्सर तीनदा उघडून झाला होता. एकदा तर आतला भाग उलटा बसला आणि दांडा बंद केला की शॉवर सुरू व्हायला लागला.

"स्वयंपाकघरातलं गरम पाणीही कोमट येतंय," लेसिया म्हणाली.

"बघ!" ओरेस्ट उजळला. "म्हणजे शॉवरचा दोष नाही. गरम पाण्याची टाकी आळशी झालीय."

तो तळघरात धावला. कपडे धुवायच्या सिंकपाशी वेटोळं घालून पडलेला होजपाइप ओलांडला. हा पाइप त्याच्या रिंकचा. दर हिवाळ्यात तो मागच्या अंगणात गल्लीतल्या पोरांना स्केटिंग करायला बर्फाची रिंक बनवायचा. शेवटचा थर गरम पाण्याचा, की बर्फ आरशासारखा. ते पाणी किती गरम हवं, ह्याचं अचूक प्रमाण त्याला ह्या शनिवारी संध्याकाळी सापडलं होतं. ते परत हरवू नये म्हणून त्याने सिंकचे गरम आणि गार दोन्ही नळ तसेच उघडे ठेवले, पाइपच्या टोकाचं नोझल तेवढं बंद केलं, आणि नळांवर चिकटपट्टी मारून लिहिलं: हात लावू नये. हुकुमावरून, ओरेस्ट.

त्याने टाकीची तापमान वाढवायची चकती शेवटपर्यंत फिरवली. तिथे लाल अक्षरांत काहीतरी लिहिलेलं, पण चष्मा वर राहिला होता.

तासाभराने काटा छत्तीसवर.

मग त्याने मिक्सरच्या आतली प्लॅस्टिकची कडी काढली. दांडा गरमकडे जास्त फिरून कुणी भाजू नये म्हणून ती असते. "भित्री कंपनी," ओरेस्ट पुटपुटला आणि कडी खिशात टाकली. दांडा शेवटपर्यंत रेटला. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस!

दाराची घंटा वाजली.

सासूबाईंनी कुणाला धड नमस्कारही केला नाही. एका हातात काठी, दुसऱ्यात पर्स आणि घरून आणलेला मग. शॉवर बंद पडला तर असावा म्हणून. "माझा शॉवरवर विश्वास नाही, आणि जावयावरही," म्हणाल्या आणि आत गेल्या. पाणी सुरू झालं. मग आतून बारीक आवाजात गाणं ऐकू आलं. दाराबाहेर उभ्या लेसियाने डोळे पुसले.

"जमवलंत की, दाजी," मायरन म्हणाला. आवाजात कौतुकापेक्षा संशय जास्त. "जरा टाकी बघून येतो."

"कशाला? कॉफी घे!"

पण तो तळघरात पोचलाही. ओरेस्ट मागोमाग. मायरनने टाकीजवळच्या पाइपला बोट लावलं आणि झटकन काढलं. मग सिंकच्या पलीकडे तोच पाइप चाचपला.

"दाजी, इथे उकळतंय आणि तिथे कोमट. मधे काय आहे?"

मधे चिकटपट्टी होती. मायरनने ती मोठ्याने वाचली आणि हसत सुटला.

"दोन्ही नळ उघडे, तोंड बंद! अहो, इथून गार पाणी उलटं गरमच्या पाइपात शिरतंय. घरभर थंडी तुम्हीच वाटताय!" त्याने गारच्या नळाला हात घातला. "हे घ्या, एका मिनिटात दुरुस्त."

ओरेस्टच्या डोक्यात तीन गोष्टी एकदम आल्या. लाल अक्षरं. खिशातली कडी. वरचं गाणं.

"थांब!" तो दोन्ही हातांनी नळाला लोंबकळला.

"सोडा, दाजी! चूक कबूल करायला लाज वाटते का?"

"टाकी शेवटपर्यंत फिरवलीय मी! कडीही काढलीय!" त्याने ती खिशातून काढून दाखवली. "हा नळ बंद केलास तर आई उकडून निघेल."

मायरनचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे आत्ता आईच्या अंगावर जे पडतंय..."

"ते ह्या चुकीमुळेच बरं पडतंय."

मायरनने आधी टाकीची चकती खाली आणली. पण आतलं पाणी थोडंच लगेच निवणार होतं?

"वर जाऊन आईला बाहेर काढतो," तो म्हणाला.

"काढ. अर्धवट आंघोळीतून बाहेर आली की सही करेल. तुला तेच हवंय ना?"

मायरन पायरीवर थबकला. वरून गाणं येत होतं. लहानपणी दोघा भावंडांना न्हाऊ घालताना आई हेच म्हणायची. तो परत फिरला आणि त्याने दुसरा नळ पकडला. "हलू नका," कुजबुजला. "शिंकसुद्धा आली तरी गिळा."

एका नळाला बसवाला, एका नळाला प्लंबर. बावीस मिनिटं.

एकदा गाणं थांबलं. दोघांनी श्वास धरला. वरून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "कुणी काही हलवू नका! आत्ता कुठे पाठ शेकतेय!"

त्या बाहेर आल्या तेव्हा गाल गुलाबी झाले होते. सोफ्यावर बसल्या, पर्समधून फॉर्म काढला. लेसिया दाराला टेकली. म्हातारीने फॉर्मची घडी घातली आणि ओला मग टेबलावर डाग पाडू नये म्हणून त्याखाली सरकवली.

"राहते. कुणी जमवलं हे पाणी?"

मायरनने ओरेस्टकडे पाहिलं. ओरेस्टने बुटांकडे.

"दाजींनीच, आई," मायरन म्हणाला. "असं कुणालाच जमलं नसतं."

संध्याकाळी मायरनने कडी जागेवर बसवली, आणि टाकी, नळ, सगळं रीतसर केलं. लेसियाने खाली येऊन सगळी हकीकत गुपचूप ऐकून घेतली. नळांवरची चिकटपट्टी सोलून काढली आणि ओरेस्टच्या हत्यारांच्या पेटीवर, बरोबर झाकणाच्या फटीवर, आडवी चिकटवली.