स्वच्छ चादर

हॉटेलच्या लॉन्ड्रीत तिला सगळे डागमावशी म्हणत. शाई असो, तेल असो की गंज, मावशीच्या हातून डाग सुटला नाही असं कधी झालं नव्हतं. तिलाही त्याचा भारी तोरा. सून बाळंत होऊन घरी आली तेव्हा तिने रजाच टाकली. बाळंतिणीची खोली कशी लखलखीत ठेवतात ते या येऊन बघा, असं शेजारणींना ऐकवत फिरली.

सुनेचं अंगावरून जायचं काही थांबेना. उलट वाढतच चाललं. सकाळी चादर भिजलेली असे. मावशी नाक न मुरडता ती उचलायची, थंड पाण्यात मीठ टाकून भिजवायची आणि दुसरी कोरी चादर अंथरायची. मनाने वाईट नव्हती हो बाई. तिच्या लेखी डाग निघाला की काम संपलं, एवढंच.

"आई, आज नर्सबाई तपासायला येतील. त्यांना ही चादर दाखवू या ना," सून म्हणाली.

"काही नको! बाईच्या जातीला हे चालायचंच. परक्या माणसापुढे असले कपडे मांडून बसायचं? लाज आहे की नाही!"

नर्सबाई आल्या. खोलीत साबणाचा वास, चादरीवर एक सुरकुती नाही, सुनेच्या गालांना पावडर. बाळाचं वजनही छान वाढलेलं.

"अंगावरून फार जातंय का गं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"छे हो, अगदी बेताचं," मावशीने परस्पर उत्तर देऊन टाकलं आणि सून तोंड उघडतेय तोवर बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. "घर असावं तर असं," म्हणत नर्सबाई उठल्या. चुकलं त्यांचंही. टापटिपीला भुलायचा काही त्यांना पगार मिळत नव्हता.

दुपारी सून बाथरूममध्ये कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आत राहिलेला वारेचा तुकडा काढला, रक्त चढवलं. "एवढं जात होतं आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं. मावशीचा मुलगा आईकडे बघू लागला. लक्षात कसं नाही येणार? रोज तिनेच तर पिळून वाळत घातलं होतं.

सून वाचली. घरी आली ती पांढरीफटक होऊन, दूध आटलेलं. बाळ बाटलीवर. सासूशी ती कामापुरतंच बोलायची.

नर्सबाई पुन्हा यायच्या होत्या त्या सकाळी मावशी सवयीने खोलीत आली. सुनेने वापरलेलं कापड पलंगाशेजारी नीट ठेवलं होतं.

"दे गं, भिजत घालते."

"हात लावू नका त्याला."

"अगं, बाई काय म्हणतील?"

"म्हणू देत काय म्हणायचं ते. माझं रक्त आहे ते, आई. तुमच्या हॉटेलातला डाग नाही."

तेवढ्यात बेल वाजली. मावशी दारापर्यंत गेली, पण कडी काढायला तिचा हात उचलेना.